हरणारा क्लब नवा कोच कसा निवडतो? सिडनीच्या वाघांची गोष्ट

६ सप्टेंबर २०२४. सिडनीच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॅम्पबेलटाउनच्या मैदानावर रग्बी लीगच्या मोसमातला शेवटच्या आठवड्याचा सामना होता. वेस्ट्स टायगर्स विरुद्ध पॅरामाटा ईल्स. दोघंही तक्त्याच्या तळाला, आणि जो हरेल तो शेवटचा. शेवटून पहिल्या आलेल्या संघाला तिकडे ‘लाकडी चमचा’ मिळाला असं म्हणतात. प्रत्यक्षात चमचा कुणी देत नाही, पण टोमणे वर्षभर मिळतात. लोकांनी या सामन्याचं आधीच ‘स्पून बोल’ असं बारसं करून टाकलं होतं. ईल्सनी ६०-२६ असा धुव्वा उडवला आणि टायगर्सच्या नावावर सलग तिसरा चमचा लागला.

त्या दिवशी दोन्ही संघांच्या कोचच्या खुर्च्यांकडे बघण्यासारखं होतं. ईल्सनी दहा वर्षांहून जास्त काळ टिकलेल्या ब्रॅड आर्थरला मे महिन्यात काढलं होतं आणि ट्रेंट बॅरेट तात्पुरता कारभार बघत होता. टायगर्सचा बेंजी मार्शल कोच म्हणून पहिलंच वर्ष काढत होता. बॅरेटचं नाव लक्षात असू द्या, पुढे लागेल.

हरणाऱ्या क्लबाचा चाहता पहिली मागणी करतो ती कोच बदलण्याची. आयपीएलमुळे हे आपल्यालाही पाठ झालंय. पण कोच बदलणं म्हणजे नक्की काय, कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, आणि चांगल्या नावाचा माणूस आणूनही फसतं कसं, हे समजून घ्यायचं तर टायगर्सइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही.

आधी खेळ थोडक्यात

रग्बीचे दोन प्रकार आहेत: युनियन आणि लीग. आपल्याकडे मुंबईत वगैरे जी खेळतात ती युनियन किंवा तिचंच सात-सात जणांचं रूप. लीगचा जन्म १८९५ चा, इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात. उत्तरेकडच्या गिरण्या आणि खाणींतले कामगार शनिवारी खेळायला आले की त्यांचा रोज बुडायचा. तो भरून द्यायला रग्बीचे तेव्हाचे कारभारी तयार नव्हते, म्हणून उत्तरेचे क्लब वेगळे झाले. सिडनीत ही लीग १९०८ मध्ये सुरू झाली, तीही कामगार वस्त्यांच्याच जोरावर.

मैदानात तेरा-तेरा खेळाडू. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा पकडी मिळतात. सहाव्या पकडीपर्यंत रेषेपलीकडे चेंडू टेकवला तर चार गुण, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. कबड्डी पाहिलेल्या माणसाला हा खेळ लवकर कळतो, कारण जीव पकडीत आहे. चढाईवाल्याला एकट्यानं धरायला गेलं की तो निसटतो. कोपरा, कव्हर, साखळी सगळे एकदम हलले तर तो अडकतो. लीगमध्ये हीच साखळी तेरा जणांची असते आणि ऐंशी मिनिटं, दर पकडीनंतर दहा मीटर मागे पळत जाऊन, पुन्हा बांधायची असते. एकाचं लक्ष उडालं की भगदाड.

ही साखळी बांधणं हे कोचचं मुख्य काम. तो सामन्यात स्टँडमध्ये उंचावर काचेआड बसतो, हेडसेटवरून बोलतो, आणि पाणी घेऊन मैदानात धावणारे मदतनीस त्याचा निरोप खेळाडूंच्या कानावर घालतात. पण तोवर त्याचं बरंचसं काम उरकलेलं असतं. आठवडाभर व्हिडिओ बघणं, सराव, दुखापतींचा हिशेब, आणि मंगळवारी दुपारी चार वाजता जाहीर होणारी संघाची यादी. त्या यादीत कुणाचं नाव नाही, यावरून क्लबं फुटलेली आहेत. टायगर्सचंही असंच झालं.

नवव्या नंबरचा क्लब

बालमेन टायगर्स आणि वेस्टर्न सबर्ब्स मॅगपाइज हे १९०८ पासूनचे दोन जुने क्लब. पैशाची ओढाताण झाली तेव्हा १९९९ मध्ये त्यांनी एकत्र यायचं ठरवलं आणि २००० पासून वेस्ट्स टायगर्स हा एकच संघ उतरू लागला. नाव एक, पण घरं दोन. बालमेनवाल्यांचं लायकार्ट ओव्हल, शहराच्या जवळ, गवताच्या उतारावर बसून सामना बघायचं जुनं मैदान. वेस्ट्सवाल्यांचं कॅम्पबेलटाउन, तिथून सुमारे पन्नास किलोमीटरवर. म्हणजे दादरच्या आणि कल्याणच्या मंडळाचा एकच गणपती करायचा आणि मांडव कधी इथे, कधी तिथे घालायचा.

२००५ मध्ये टिम शीन्स यांच्या हाताखाली या संघानं अंतिम सामन्यात नॉर्थ क्वीन्सलँडला ३०-१६ असं हरवून विजेतेपद मिळवलं. वीस वर्षांच्या बेंजी मार्शलनं पाठीमागून न बघता झटकलेला पास अजून दाखवतात. २०११ मध्ये संघ शेवटचा बाद फेरीत गेला. पहिले आठ संघ बाद फेरीत जातात, आणि टायगर्स २०१६, २०१८, २०१९ या तीन वर्षी नववे आले. दारात येऊन उंबऱ्यावर अडखळायचं, हे त्यांच्या चाहत्यांच्या नशिबी कायमचं होऊन बसलं.

आता कोचांची रांग बघा. २०१२ अखेर शीन्स गेले. मिक पॉटर दोन वर्षं. जेसन टेलर २०१५ पासून, २०१७ च्या मोसमातले तीन सामने झाल्याबरोबर बाहेर. मग काही दिवस हंगामी म्हणून अँड्र्यू वेबस्टर. मग आयव्हन क्लिअरी, तो २०१८ अखेर स्वतःच निघून गेला. मायकेल मॅग्वायर २०१९ ते जून २०२२. हंगामी ब्रेट किमॉर्ली. २०२३ मध्ये पुन्हा शीन्स, सत्तरी ओलांडल्यावर. २०२४ पासून मार्शल.

यांतल्या तिघांचं पुढे काय झालं?

क्लिअरीनं पेनरिथला २०२१, २०२२, २०२३, २०२४ अशी सलग चार विजेतेपदं मिळवून दिली. वेबस्टरनं २०२३ मध्ये न्यूझीलंडच्या वॉरियर्सचा ताबा घेतला. आदल्या वर्षी पंधराव्या आलेल्या त्या संघाला पहिल्याच मोसमात चौथं आणलं आणि वर्षातला सर्वोत्तम कोच ठरला. आणि जून २०२२ मध्ये ज्याला नारळ दिला त्या मॅग्वायरनं २०२४ मध्ये न्यू साउथ वेल्सला राज्यांची मालिका जिंकून दिली आणि २०२५ मध्ये ब्रिस्बेन ब्रॉन्कोजला विजेतेपद, अंतिम सामन्यात मेलबर्नवर २६-२२ अशी मात करून. तो टायगर्सकडे आला होता तेव्हाही त्याच्या नावावर साउथ सिडनीचं २०१४ चं विजेतेपद होतं, तेही त्या क्लबाचं ४३ वर्षांनंतरचं.

तीन माणसं, तिघांनाही बाहेर यश. म्हणजे टायगर्सना माणसं ओळखता येत नव्हती असं म्हणायची सोयच नाही. ओळख बरोबर होती. बिघाड त्या माणसांना आणून ठेवलं त्या घरात होता.

मुलाखतीआधीचं काम

कागदावर निवडीची पद्धत कुठल्याही कंपनीसारखी असते. संचालक मंडळ, मुख्याधिकारी आणि फुटबॉल विभागाचा प्रमुख मिळून यादी करतात (तिकडे लीगलाच ‘फूटी’ किंवा फुटबॉल म्हणतात). आधीच्या क्लबातल्या खेळाडूंना, सहायकांना फोन जातात. उमेदवार येऊन आपला आराखडा मांडतो: सध्याच्या संघाबद्दल काय वाटतं, कुणाला ठेवाल, बचाव कसा बसवाल, सोबत कोण सहायक आणाल. एजंट पैशाचं बोलतात. एक दिवस पत्रकार परिषद होते आणि नवा कोच क्लबाचा टी-शर्ट धरून फोटोला उभा राहतो.

खरे प्रश्न या सगळ्याच्या आधीचे, आणि ते क्लबानं स्वतःला विचारायचे असतात. खेळाडू विकत घ्यायचा शेवटचा शब्द कुणाचा? कोचचा, की फुटबॉल प्रमुखाचा? तीन वर्षं हरलो तरी मालक गप्प बसतील का? पोरं घडवायची, की तयार खेळाडू आणायचे? याची उत्तरं क्लबापाशी नसतील, तर उमेदवार मुलाखतीत त्याला आवडतं ते बोलतो, क्लब त्याला आवडतं ते ऐकतो, आणि भांडण दीड वर्षानं निघतं.

टायगर्सच्या मालकीचा गुंता इथे आडवा येत राहिला. सिडनीत बहुतेक क्लबांच्या पाठीशी ‘लीग्ज क्लब’ असतात: जेवण, बार आणि मुख्य म्हणजे जुगाराची यंत्रं असलेली मोठी सभासद संस्था. या यंत्रांच्या गल्ल्यातून रग्बीला पैसा जातो. (कामगारांच्या खेळाला आज कामगारांच्याच खिशातल्या नाण्यांवर जगवलं जातं, हे मला कायम खटकत आलंय.) बालमेनचा लीग्ज क्लब आर्थिक अडचणीत सापडला आणि मालकीचं पारडं वेस्ट्सच्या बाजूला झुकत गेलं. एका घराण्याकडे तिजोरी, दुसऱ्याकडे आठवणी. अशा घरात नवा कोच कुणाचा माणूस, हा प्रश्न तो कसा शिकवतो यापेक्षा आधी विचारला जातो.

डिसेंबर २०२३ मध्ये क्लबाच्या कारभाराच्या आढाव्यानंतर अध्यक्ष आणि मुख्याधिकारी दोघंही गेले. नवे अध्यक्ष आले बॅरी ओफॅरल, न्यू साउथ वेल्सचे माजी मुख्यमंत्री. आपल्याला ते दुसऱ्या कारणानं आठवतील: २०२० पासून २०२३ पर्यंत ते दिल्लीत ऑस्ट्रेलियाचे उच्चायुक्त होते. हा बदल दहा वर्षं आधी झाला असता तर वरची रांग निम्मी तरी आखूड झाली असती, असं माझं मत.

स्कोअरबोर्डावरचा माणूस आणि बसमधून उतरलेला ड्रायव्हर

कोच आणि खेळाडूचं बिनसलं की काय होतं, याचा एक फोटो आहे. रॉबी फराह हा २००५ च्या विजेत्या संघातला, क्लबाचा लाडका कर्णधार. टेलरनं २०१६ मध्ये त्याला पहिल्या संघातून वगळलं. त्या मोसमातला लायकार्टवरचा शेवटचा सामना संपला, लोक घरी गेले, आणि फराह जुन्या स्कोअरबोर्डाच्या माथ्यावर चढून एकटाच रिकाम्या मैदानाकडे बघत बसला. तो फोटो सिडनीत घरोघरी पोचला. टेलरचा निर्णय खेळाच्या हिशेबानं चूक होता की बरोबर, यावर वाद घालता येईल. पण त्या फोटोनंतर लोकांच्या मनातला निकाल लागलेला होता. पुढच्या मोसमात तीन सामने होताच टेलर गेला.

त्याची किंमत मोठी होती. त्या वर्षाअखेर क्लबाच्या चार मुख्य खेळाडूंचे करार एकदम संपत होते: जेम्स टेडेस्को, एरन वुड्स, मिचेल मोझेस, ल्यूक ब्रुक्स. कोचच जागेवर नाही म्हटल्यावर पुढचा विचार कशाच्या भरवशावर करायचा? ब्रुक्स राहिला, तिघं गेले. टेडेस्को पुढे सिडनी रूस्टर्सकडून दोन विजेतेपदं जिंकला.

मग क्लिअरी आला आणि त्यानं बसचा दाखला दिला: इथे काहीतरी घडवायचंय, ज्यांना यायचं त्यांनी बसमध्ये बसा. चाहत्यांना हे फार भावलं. २०१८ अखेर, करार अजून शिल्लक असताना, तो पेनरिथला निघाला, जिथे त्याचा मुलगा नेथन खेळत होता. ड्रायव्हरच मधल्या थांब्यावर उतरला, हा विनोद तिकडे अजून शिळा झालेला नाही. बापाचं मन म्हणून मी त्याला फार दोष देत नाही. पण करारावर सही झाली म्हणजे माणूस बांधला गेला, या समजुतीत राहणाऱ्या क्लबांनी हा प्रसंग भिंतीवर लावून ठेवावा.

कसल्या माणसाला घ्यायचं?

बाजारात साधारण चार तऱ्हेचे उमेदवार असतात: जिंकून आलेला पण कुठूनतरी काढलेला अनुभवी, विजेत्या क्लबातला तरुण सहायक, क्लबाचा जुना हिरो, आणि इंग्लंडच्या सुपर लीगमधून येणारा. शेवटच्याबद्दल फार बोलत नाही. त्याला खेळ येतो, पण इथले खेळाडू, एजंट आणि वर्तमानपत्रं ओळखण्यात पहिलं वर्ष जातं.

सहायकाची भुरळ सगळ्यांत जास्त पडते, आणि फसगतही तिथेच होते. पेनरिथ जिंकायला लागल्यावर क्लिअरीच्या हाताखालच्या माणसांना मागणी आली. बॅरेट २०२० मध्ये तिथेच सहायक होता. कँटरबरी बुलडॉग्जनी त्याला २०२१ साठी उचललं. संघ वर्षभरात तीनच सामने जिंकला, चमचा पदरात पडला, आणि मे २०२२ मध्ये त्यानं राजीनामा दिला. नंतर त्याच क्लबानं पेनरिथचाच दुसरा सहायक घेतला, कॅमेरॉन सिराल्डो. तो २०२३ मध्ये पंधरावा, २०२४ मध्ये सहावा, २०२५ मध्ये तिसरा.

एकाच शाळेतले दोन मास्तर, तीच पाठ्यपुस्तकं. फरक कशात? थोडा माणसात असेलच. पण बराचसा मधल्या काळात क्लबानं काय केलं यात होता. बुलडॉग्जकडे २०२१ पासून फिल गुल्ड हा फुटबॉलचा सूत्रधार आला होता. सिराल्डोला पाच वर्षांचा करार दिला. आणि पहिल्या वर्षी सतरा संघांत पंधरावे येऊनही कुणी खुर्ची हलवली नाही. यात गंमत अशी की याच गुल्डनं २०१५ मध्ये पेनरिथमधून क्लिअरीला काढलं होतं, तो थकलेला दिसतोय असं सांगून. धीर धरणं माणूस वय वाढल्यावर शिकतो, कोच निवडणाराही.

आता टायगर्सच्या चाहत्यांना झोंबणारी गोष्ट: मॅग्वायरला काढल्यावर टायगर्सनीही सिराल्डोलाच विचारलं होतं. त्यानं नकार दिला. नोकरी देणारा उमेदवाराला तपासतो, तसा चांगला उमेदवारही नोकरी देणाऱ्याला तपासतो. नाव कमावायच्या वयातल्या कोचला दोनच संधी मिळतात. पहिली वाया गेली की दुसरी मिळेलच असं नाही.

नकार आल्यावर क्लबानं काय केलं? शीन्स तेव्हा क्लबाच्या फुटबॉल विभागाचे प्रमुख होते. तेच कोच झाले. सोबत मार्शल सहायक, दोन वर्षं शिकेल आणि २०२५ पासून गादीवर बसेल अशी योजना. म्हणजे स्थळं बघायला पाठवलेल्या काकांनाच बोहल्यावर उभं केलं. २०२३ मध्ये चार सामने जिंकून संघ पुन्हा तळाला गेला, आणि दोन वर्षांची शिकवणी एका वर्षात गुंडाळून मार्शलला पुढे केलं.

क्लबाचा जुना हिरो कोच म्हणून आणण्याचा मोह मला कळतो. तिकिटं विकली जातात, वर्तमानपत्रं महिनाभर तरी गप्प बसतात, दोन्ही घराणी टाळ्या वाजवतात. पण हिरोला काढायची वेळ आली की क्लबाला स्वतःचाच फोटो भिंतीवरून उतरवावा लागतो. ब्रिस्बेनच्या बाबतीत हे झालं: केव्हिन वॉल्टर्स, त्यांचा जुना लाडका, २०२३ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत गेला, २०२४ मध्ये बाराव्या नंबरावर घसरला, आणि त्याला काढून त्यांनी मॅग्वायरला आणलं. रीस वॉल्श, पेन हास असे ताकदीचे खेळाडू आधीच जागेवर होते. त्यांना शिस्त लावणारा माणूस हवा होता. कडक म्हणून टायगर्समध्ये ज्याची तक्रार व्हायची, तोच कडकपणा इथे औषध ठरला.

१ नोव्हेंबर

शेवटी कॅलेंडरबद्दल, कारण बाहेरून हे दिसत नाही. अमेरिकन खेळांत तळाच्या संघाला नव्या खेळाडूंत पहिली निवड मिळते. इथे तसली सवलत नाही. सगळ्यांना पगाराची सारखी मर्यादा, मुख्य संघ तीस जणांचा, आणि बहुतेकांचे करार काही वर्षांचे. नवा कोच येतो तेव्हा स्वयंपाकघरातलं सामान आधीच भरलेलं असतं, आणि बिल त्याच्या नावावर फाटतं. न्यूकॅसल नाइट्सनी २०२५ मध्ये डिलन ब्राउनला तब्बल दहा वर्षांसाठी घ्यायचं ठरवलं. त्याच मोसमात संघ शेवटचा आला, कोच अ‍ॅडम ओब्रायन गेला. त्याच्या जागी आलेल्या जस्टिन होलब्रुकनं हा खेळाडू निवडलेला नाही. पण त्याच्या भोवतीच संघ बांधायचाय.

वर एक नियम: पुढच्या मोसमाअखेर ज्यांचा करार संपतो, ते खेळाडू १ नोव्हेंबरपासून दुसऱ्या क्लबांशी उघड बोलू शकतात. मोसम ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो. कोचची निवड लांबली, की क्लबाच्या चांगल्या खेळाडूंसमोर बसून ‘थांबा, आपण काहीतरी करतोय’ हे सांगायला अधिकाराचा माणूसच नसतो. म्हणून मोसमाच्या मध्यात कोच काढणं कधीकधी खरंच शहाणपणाचं असतं: रागापोटी नव्हे, शोधाला वेळ मिळावा म्हणून. टायगर्सनी २०१७ मध्ये केलं ते मात्र मार्च महिन्यात, चार मोठ्या सह्या बाकी असताना.

मार्शलच्या कारकिर्दीतही ही डोकेदुखी चुकली नाही. २०२५ मध्ये पेनरिथहून जरोम लुआई आला, चार विजेतेपदं जिंकलेला खेळाडू. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्लबाचा सर्वांत आश्वासक पोरगा, लॉकलन गॅल्विन, यानं नवा करार नाकारला आणि मोसमाच्या मध्यातच बुलडॉग्जकडे गेला. वर्तमानपत्रांनी नेहमीप्रमाणे खुर्ची हलवून पाहिली. या वेळी क्लबानं ती हलू दिली नाही.

२०२५ चा मोसम संपला तेव्हा टायगर्सच्या खात्यात नऊ विजय होते, नंबर तेरावा. चमचा न्यूकॅसलला गेला. बाद फेरी २०११ नंतर अजून आलेली नाही. आठवा नंबर पाच पायऱ्या वर आहे.